निवायची टाकी

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई केंद्राच्या फाटकाशी उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच विषय होता: कलम चौदा. नियमावलीचा मसुदा शुक्रवारी वर जायचा होता. बाकी सगळी कलमं लिहून झाली होती आणि हे एकच माशाच्या काट्यासारखं घशात अडकून बसलं होतं. पाणी टाकीतून बाहेर कधी सोडायचं, एवढंच त्यात सांगायचं होतं. पण सोपं वाटतं तेच लिहायला कठीण.

मेलेल्या जनावरांचं काय करायचं, हा प्रश्न कुणालाच आवडत नाही. पुरली तर आसपासच्या विहिरी नासतात. जाळली तर धूर होतो आणि लोक दगड घेऊन येतात. म्हणून ही तिसरी वाट निघाली होती, पाण्याची. जाड पोलादाच्या भल्या मोठ्या भांड्यात जनावर ठेवायचं, पाणी आणि कॉस्टिक सोडा घालायचा, झाकण आवळायचं आणि वाफेवर आठ तास ठेवायचं. मांस, कातडं, खूर, रोगाचे जंतू, सगळं विरघळून पातळ कॉफीसारखं पाणी होतं. मागे उरतात फक्त हाडं, तीही हातात धरली तर खडूसारखी चुरा होणारी. ती वाळवून दळायची. पाणी शेजारच्या टाकीत निववायचं, त्याचा जहालपणा आम्ल घालून मोडायचा आणि गाळण खड्ड्यांतून ओढ्यात सोडून द्यायचं. कागदावर या पद्धतीला ‘जलविघटन’ असं भारदस्त नाव होतं. कामगार भांड्याला कुकर म्हणत आणि टाकीला निवायची टाकी.

डॉक्टरीणबाई सोळा वर्षं गुरांच्या डॉक्टर होत्या. शेकडो अडलेल्या गाई त्यांनी मोकळ्या केल्या होत्या. गेली चार वर्षं मात्र त्या निरीक्षक होत्या, म्हणजे जनावरं सोडून जनावरांचे कागद बघत होत्या. बढती म्हणतात ती हीच.

“या, डॉक्टरीणबाई,” मामाने शेडच्या दारातूनच हाक दिली. “आधी चहा की आधी वाईट बातमी?”

मामा हा केंद्राचा मुख्य ऑपरेटर. सख्खा भाचा एकही नाही, पण अख्खं केंद्र त्याला मामा म्हणे. कपड्यांच्या रंगाईच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळून इथे आलेला माणूस. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठला वॉशर गेलाय ते सांगायचा.

“बातमी,” बाई म्हणाल्या.

“टाकी निवत नाही.”

बाईंनी बॅग टेबलावर ठेवली. बाहेर कडाक्याची थंडी होती. शेडला पत्र्याचं छप्पर, भिंती उघड्या विटांच्या, फरशी सतत ओली. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. अशा हवेत दहा हजार लिटरची पोलादी टाकी एका दिवसात गार पडते, हे त्यांनी स्वतः वीस वेळा नोंदवलं होतं.

“कधी भरली?”

“गुरुवारी सकाळी. ती मोठ्या गोठ्याची शेवटची खेप. शुक्रवारी उतरली अडतीस-साडेअडतीसवर, आणि तिथेच बसली. आज चौथा दिवस. काटा जागचा हलायला तयार नाही.”

“मीटर बिघडलं असेल.”

“मलाही तसंच वाटलं. बदललं. मग दुसरंही बदललं.” मामाने हात झटकले. “आता मीटरंच माझ्यावर हसायला लागलीत.”

बाईंनी स्वतःच्या बॅगेतला तापमापक काढला, टाकीवरचं छोटं झाकण उघडून दोरीने आत सोडला. साबणासारखा, थोडासा उग्र वास वर आला. तीन मिनिटांनी त्यांनी तो वर ओढला. साडेअडतीस. पुन्हा सोडला, या वेळी तळापर्यंत. साडेअडतीस. कडेला, मधोमध, कुठेही घ्या, आकडा तोच.

आम्लता, म्हणजे पीएच, तपासली. शुक्रवारी मामाने नोंदवलेली होती आठ पूर्णांक सहा. त्यानंतर कुणी टाकीत काही घातलेलं नव्हतं. आता ती होती सात पूर्णांक चार.

“नियमात बसतंय ना सगळं?” मामाने विचारलं. “चाळीसच्या आत पाहिजे, आत आहे. नऊच्या आत पाहिजे, तेही आहे. सही केलीत तर सोडून देतो. कुकर रिकामा बसलाय आणि शीतगृह दारापर्यंत भरलंय.”

“आत काहीतरी प्रक्रिया चालू असल्याशिवाय उष्णता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “विरघळणं पुरतं झालं नसेल. नमुना घेते. अहवाल येऊ दे.”

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं आणि ते बरोबरही होतं. नमुन्याची बाटली भरून त्यांनी खिशात ठेवली. दुपारी कचेरीत पोचेपर्यंत त्यांचा हात तीनदा खिशाकडे गेला. बाहेर एवढी थंडी, तरी बाटली कोमट ती कोमटच. अंगाच्या उबेने असेल, असं म्हणून त्यांनी ती प्रयोगशाळेत दिली.

रात्रीचं जेवण चालू होतं तेव्हा त्यांच्या हातातला घास थांबला.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि जेवताना वह्या तपासायचा.

“साडेअडतीस,” त्या म्हणाल्या.

“कशाचे? मार्कांचे असतील तर पास आहे.”

त्या हसल्या नाहीत. धडधाकट गाईचं अंगाचं तापमान साडेअडतीस असतं. हे त्यांना शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं. सोळा वर्षं त्यांनी दिवसातून दहादा ते मोजलं होतं. सात पूर्णांक चार हा दुसरा आकडाही त्यांना पाठ होता. तो रक्ताचा पीएच, हे त्यांनी स्वतःला नीट आठवू दिलं नाही. योगायोग, त्यांनी मनात म्हटलं. आणि ताट तसंच ठेवून हात धुवायला उठल्या.

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुन्यात जंतू नाहीत, पेशी नाहीत, विरघळायचं राहिलेलं काहीही नाही. साखर, साबण, मीठ आणि पाणी. निर्जीव, असा शब्द त्यात दोनदा होता.

दहा वाजता त्या केंद्रावर पोचल्या तेव्हा मामा टाकीसमोर स्टूल टाकून बसला होता. टाकीच्या बाजूला काचेची उभी नळी होती. आत पाणी किती आहे, ते त्या नळीत दिसे. मामा त्या नळीकडे बघत होता आणि आज त्याने चहाचं नाव काढलं नाही.

“बघा,” तो म्हणाला.

नळीतलं पाणी वर चढत होतं आणि खाली उतरत होतं. फार नाही, बोटाच्या पेराएवढंही नाही. पण चढत होतं, क्षणभर थांबत होतं आणि उतरत होतं.

“पंपाची थरथर असेल.”

“पंप बंद आहे.”

“बॉयलर?”

“थंड पडलाय.”

“मेन स्विच पाड.”

मामाने मेन स्विच पाडला. दिवे गेले, शीतगृहाची घरघर थांबली. शेडमध्ये एवढी शांतता झाली की छपरावर बसलेल्या पक्ष्याची नखं ऐकू आली. नळीतलं पाणी चढलं. थांबलं. उतरलं.

बाईंनी घड्याळ काढलं. हे त्यांनी ठरवून केलं नाही, हातांनीच केलं. डावा तळवा टाकीच्या पोलादावर सपाट ठेवला, जसा त्या श्वास मोजताना गाईच्या कुशीवर ठेवत, आणि मोजायला लागल्या. मिनिटाला तीस.

तेवढ्यात फाटकाबाहेर ट्रकने जोरात हॉर्न दिला. पाणी एकदम वर उसळलं आणि चढउतार भरभर व्हायला लागली. बाईंनी मोजलं. अठ्ठेचाळीस. मग बेचाळीस. मग छत्तीस. ट्रक निघून गेला तशी ती हळूहळू पुन्हा तिसावर आली.

“दचकलं,” मामा म्हणाला.

“असं बोलू नको.”

“बरं, नाही बोलत.” त्याने स्विच वर केला. “पण दचकलं.”

बाई लगबगीने बाहेर पडल्या. मोकळ्या हवेत येऊन दोनदा दीर्घ श्वास घेतला आणि फाटकाकडे चालायला लागल्या, तर फाटकाबाहेर दगडावर त्या मोठ्या गोठ्याची मालकीण बसलेली होती.

गोठेवाली. पन्नाशीची, रुंद हाताची, पायात रबरी बूट. साथ आली तेव्हा तिच्या गोठ्यातल्या चार गाईंना आधी लागण झाली. नियम असा की एका गोठ्यात लागण झाली की चोवीस तासांच्या आत अख्खा गोठा संपवायचा, नाहीतर आसपासची सगळी गुरं जातात. त्या हुकमावर सही डॉक्टरीणबाईंची होती. गाई बासष्ट. इंजेक्शनं द्यायला दुसरे डॉक्टर आले, पण यादी करायला त्या स्वतः गेल्या होत्या.

“तुम्ही इथे रोज येता?” बाईंनी विचारलं.

“घरी काय करू? पहाटे चारला डोळे उघडतात. धार काढायला कोणी नाही.” तिचा आवाज रागाचा नव्हता, हेच जास्त जड जात होतं. “डॉक्टरीणबाई, एक विचारू? कागदावर किती लिहिलंत?”

“बासष्ट.”

“त्यात एकोणीस गाभण होत्या.”

“माहीत आहे मला. फॉर्मवर त्याचा रकाना नाही. ‘नग’ एवढाच रकाना आहे.”

“नग,” गोठेवाली म्हणाली. जिभेवर काहीतरी कडू आल्यासारखी. “ती कपाळावर टिकली असलेली आठवते? तिचे दिवस भरले होते. मी म्हटलं, तीन दिवस थांबा, एवढी एक मोकळी होऊ द्या.”

बाईंना आठवत होती. यादी करताना सवयीने त्यांनी तिच्या पोटावर मूठ दाबून पाहिली होती. आतून त्या मुठीवर एक टणक टोक येऊन लागलं होतं, गुडघा नाहीतर खूर. एकदा. मग दुसऱ्यांदा, जास्त जोरात. त्यांनी हात काढून घेतला होता आणि यादीवर टिकमार्क केला होता. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. नियम सगळ्यांना सारखा, एवढं बोलून त्या पुढच्या गाईकडे गेल्या होत्या.

आत परत जाऊन त्यांनी मामाची नोंदवही मागवली. गुरुवारची खेप. नग: सहा. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर यादीशी ताडून पाहिले, कपाळावर टिकली असलेली त्यातच होती.

“मामा, हाडं चाळलीस ना तू? लहान हाडं वेगळी निघाली का?”

“नाही,” मामा म्हणाला. “सहाच्या हिशेबाची निघाली. बारीक असं काही नव्हतं.” मग म्हणाला, “असायला हवं होतं का?”

“कोवळी हाडं विरघळत असतील,” बाई म्हणाल्या. असतीलही. तसा प्रयोग कुणी केलेला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांना स्वस्थता अशी राहिली नाही. बसल्या की उठत, उठल्या की कशाला उठलो ते विसरत. कचेरीत कलम चौदा समोर घेतलं की ओळीच्या शेवटी पेन थांबे आणि त्या मोजायला लागत. नळाचे थेंब, शेजारच्या कारकुनाचा श्वास, जिन्यावरची पावलं. सगळं तिसाशी जुळवून बघत. घरी नवरा खुर्चीतच पेंगला तर त्याच्या छातीकडे बघत उभ्या राहिल्या. सोळा निघाले तेव्हा त्यांना उगाच हायसं वाटलं.

“अहो, मी जिवंत आहे,” डोळे न उघडता तो म्हणाला. “आता बसा तरी.”

बुधवारी सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब वाईट नव्हते. फक्त त्यांच्यावर वरून दट्ट्या होता आणि तो ते इमानदारीत खाली पोचवत.

“अहो, अडकलंय काय? पलीकडच्या गावात आणखी दोन गोठे गेले. शीतगृहात जागा नाही. काल एक ट्रक दिवसभर उन्हात उभा होता, त्यातून गळायला लागलंय. लोकांच्या विहिरी आहेत तिथे. उद्या पोरंबाळं आजारी पडली तर जबाबदार कोण?”

“टाकी गार होत नाही, साहेब.”

“चाळीसच्या वर आहे?”

“नाही.”

“अहवालात दोष आहे?”

“नाही.”

“मग कुठल्या नियमाने थांबवलंत, तेवढं मला सांगा. लेखी सांगा. मी वर कळवतो.”

बाईंनी कागद पुढे ओढला. ‘कारण’ असं लिहून त्यापुढे दोन टिंबं दिली. पाच मिनिटं त्या टिंबांकडे बघत बसल्या. जे लिहावं ते वेड्याचं दिसणार होतं, आणि जे वेड्याचं दिसणार नव्हतं ते खोटं होतं. शेवटी त्यांनी कागद चुरगळला आणि केंद्राचा रस्ता धरला.

टाकीभोवती गोणपाट गुंडाळलेलं होतं. जुनी पोती उसवून, एकाला एक टाचून, सुतळीने नीट बांधलेली. थंडीत दुभत्या जनावराच्या पाठीवर घालतात तशी झूल.

“हे काय?”

मामा ओशाळला. “सकाळी काच धुक्याने भरली होती. म्हटलं, गारठत असेल.” मग चिडून म्हणाला, “हसू नका. तुम्हीच दोन दिवस हात लावून बसताय.”

“मी हसत नाहीये.”

नळीतलं पाणी चढत होतं, उतरत होतं. पण आज त्याची चाल बदलली होती. मधेच एक मोठी लाट यायची, सगळी टाकी आतून ताणल्यासारखी वाटायची, आणि मग बराच वेळ नुसती शांतता. बाईंनी ती अंतरं मोजली. बावीस मिनिटं. एकवीस. एकोणीस.

वेणांमधली अशी अंतरं त्यांनी कुडकुडत, कंदील टांगलेल्या गोठ्यांत, मांडीवर घड्याळ ठेवून शेकडो वेळा मोजली होती.

“मामा,” त्या म्हणाल्या, “फाटकावर ती बाई आहे का बघ. असेल तर आत घेऊन ये.”

“बाहेरच्या माणसाला आत घ्यायला बंदी आहे. तुमचंच कलम आहे.”

“माहीत आहे. घेऊन ये.”

गोठेवाली आली. दारात थांबून तिने बूट पुसले, जसे ती स्वतःच्या गोठ्याच्या उंबऱ्यावर पुसत असेल. टाकीकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं. कुणी काही सांगायच्या आत पुढे होऊन तिने दोन्ही तळवे टाकीवर ठेवले.

मग तिने हाक दिली. मोठी नव्हे. संध्याकाळी गुरं घरी बोलवायची ती, गळ्यातल्या गळ्यात फिरवलेली.

नळीतलं पाणी थांबलं.

तिने दुसऱ्यांदा हाक दिली.

पाणी चढायला लागलं. सावकाश, न थांबता. खुणेच्या वर गेलं, लाल रेषेच्या वर गेलं, काचेच्या टोकाला जाऊन टेकलं आणि तिथे राहिलं. टाकीत थेंबही वाढलेला नव्हता. मामाने एक पाऊल मागे घेतलं.

गोठेवालीने कान पोलादाला लावला. तिचा चेहरा आधी उजळला होता, तो हळूहळू विझला.

“माझ्या गाई माझ्या हाकेला ओ देतात,” ती म्हणाली. “बासष्टच्या बासष्ट. एकेकीचा आवाज ओळखते मी. यात त्यातली एकही नाही.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“हे मला ओळखत नाही. नुसतं ऐकतंय. याने कुणालाच अजून बघितलेलं नाही.”

तिने हात काढून घेतले. पाणी उतरायला लागलं, नाखुशीने.

“सोडा त्याला,” गोठेवाली म्हणाली. “किती दिवस अडवणार? तेव्हा मी थांबा म्हणत होते, तुम्ही थांबला नाहीत. आता सोडायची वेळ झालीय, तर तुम्ही थांबलाय.”

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता डॉक्टरीणबाईंनी सोडपत्रावर सही केली. तापमान मर्यादेत. आम्लता मर्यादेत. अहवाल निर्दोष. सगळं खरं होतं.

मामाने झडप उघडली.

एरवी टाकी चाळीस मिनिटांत रिकामी होते, एका सरळ, खळाळत्या धारेने. त्या दिवशी काही आलंच नाही. झडप पूर्ण उघडी, पाइप साफ, टाकी भरलेली, आणि पाइपच्या तोंडाशी नुसता ओलसर चकाकता पडदा.

मग टाकी ताणली गेली. गोणपाटाची सुतळी तटतटली.

एक लोंढा आला आणि थांबला.

सात मिनिटं काही नाही.

पुन्हा लोंढा. पुन्हा शांतता. पाच मिनिटं.

“चोंदलंय,” मामा म्हणाला. त्याचाही त्यावर विश्वास नव्हता.

“नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी बाह्या कोपराच्या वर सरकवल्या होत्या. कधी सरकवल्या, त्यांना कळलं नव्हतं.

चार मिनिटं. तीन. दोन.

मधल्या वेळात कुठूनतरी दबका, खालच्या पट्टीतला आवाज येत होता. पोलाद आकसताना तसा आवाज करतं. बाईंनी स्वतःला हे तीनदा सांगितलं.

शेवटचा लोंढा सगळ्यांत मोठा होता. पाइपच्या तोंडातून पाणी उसळून नालीत पडलं तेव्हा त्याचा आवाज पाण्यासारखा नव्हता. काहीतरी जड, ओलं, एकसंध पडावं तसा होता. नाली क्षणभर काठोकाठ भरली. मग ते गाळण खड्ड्यांकडे निघालं. सरळ गेलं नाही. एका बाजूला कललं, सावरलं, पुन्हा कललं, आणि मग वेग घेतला.

मामाने डोक्यावरची टोपी काढली. का काढली, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

बाईंनी टाकीला हात लावला. ती बर्फासारखी गार होती.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. दुपारी कुकर पुन्हा सुरू झाला. पुढच्या खेपा वेळेवर निवल्या, वेळेवर सुटल्या. आठवड्याभरात शीतगृह रिकामं झालं आणि विहिरी वाचल्या. साहेबांनी फोन करून आभार मानले. मसुदा शुक्रवारी वर गेला. कलम चौदामध्ये बाईंनी एक ओळ घातली होती की द्रव बाहेरच्या हवेइतका गार झाल्याशिवाय सोडू नये. कारण दिलेलं नाही, असा शेरा मारून ती वगळण्यात आली. फॉर्मवर मात्र ‘नग’च्या शेजारी त्यांनी ‘गाभण’ असा एक अरुंद रकाना आखला होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही आणि तसाच मंजूर झाला. गोठेवाली पुन्हा फाटकावर दिसली नाही. तिने गोठा धुऊन कुलूप लावलं आणि बहिणीकडे राहायला गेली, असं कुणीतरी सांगितलं.

बाईंची तगमग हळूहळू उतरली. त्या रात्री नीट झोपायला लागल्या. मोजायची सवय सुटली.

तीन आठवड्यांनी ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचा दिवस आला. हे काम दर महिन्याचं. केंद्रापासून खाली सहा ठिकाणी बाटल्या भरायच्या. पाच ठिकाणचं पाणी नितळ होतं. सहावं ठिकाण दोन कोसांवर, जिथे ओढा वळण घेऊन पसरट होतो आणि काठाने कुरण लागतं. दुपारची वेळ होती. कोवळं ऊन पडलं होतं.

पाण्यात गुडघाभर एक गाय उभी होती. हाडकुळी, म्हातारी, शिंगं झिजलेली. काठावर तिचा धनी काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“नमुना घ्यायचाय,” बाई म्हणाल्या. “गाय जरा बाजूला घेता?”

“येत असली तर बघा,” तो म्हणाला. “पंधरा दिवस झाले, इथून हलत नाही. ओढून नेली तर दावं तोडून परत येते. पाण्याची तहान म्हणावी, तर पीतही नाही.”

बाई काठाशी गेल्या. गाय पाणी पिते तेव्हा तोंड बुडवून ओढून घेते, हे त्यांना माहीत होतं. ही गाय पीत नव्हती. चाटत होती. लांब, खरखरीत जीभ काढून, पाण्याच्या एकाच जागेवरून, खालून वर, खालून वर, न कंटाळता. आणि तोंड मिटून घशातल्या घशात एक बारीक हुंकार देत होती.

“व्यायली होती का इतक्यात?” बाईंनी विचारलं.

“ही? तीन वर्षं झाली भाकड होऊन. आटलीय पार.”

बाईंनी वाकून बघितलं. गाईची कास भरून तटतटली होती. चारी आचळांतून दूध ठिबकत होतं. ओढ्याला चांगली ओढ होती; काड्या, पानं, फेस, सगळं भरभर वाहत पुढे जात होतं. दूध वाहत नव्हतं. प्रत्येक थेंब पाण्याला टेकत होता आणि पसरायच्या आधीच, जिथल्या तिथे, नाहीसा होत होता.